कोळिष्टकं राहू द्या

आईने हात वर केला आणि तो माणूस लगबगीने आमच्याकडे आला. ओरडला वगैरे नाही, चेहऱ्यावर हसूच होतं, पण आला मात्र झटकन. हातात पाण्याचा पाइप, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. इंग्रजीत म्हणाला, ते राहू द्या प्लीज, ते इथे कामाला आहेत. झालं होतं असं की जिन्याच्या बाजूच्या तुळईवरून एक भलंमोठं कोळिष्टक लोंबत होतं आणि आई ते काढायला गेली होती. ठरवून नाही, हात जातोच तिचा. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळा जन्म कुडाळजवळच्या एका गावात गेला, दरवर्षी चवथीच्या आधी लांब काठीला केरसुणी बांधून अख्खं घर झाडायचं, वाशांमधली, कौलांच्या खालची कोळिष्टकं ओढून काढायची, डोक्याला पदर गुंडाळून, नाकातोंडात धूळ जाईपर्यंत. गणपती घरात यायच्या आधी एक जाळं कुठे दिसता कामा नये. अशा बाईला परक्या देशात, बेल्जियममधल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्यात, एक अनोळखी मुलगा सांगतोय की हात लावू नका.

तिने हात खाली घेतला. काही बोलली नाही.

ब्रसेल्सहून परतीच्या ट्रेनमध्ये अँटवर्प मागे पडलं तरी गप्पच होती. मग खिडकीबाहेर बघत बघत म्हणाली, "हेंच्याकडे चवथ येणा नाय काय गो?" तिला खरंच प्रश्न पडला होता. वर्षातून एकदा तरी घर वरपासून खालपर्यंत झाडून काढावं असं काहीच कारण ह्या लोकांना मिळत नाही का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते आता आठवतही नाही, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या जागेचं सगळं मर्म त्या कोळिष्टकातच होतं आणि तिने नेमका तिथेच हात घातला होता.

जागा म्हणजे ब्रसेल्समधली कांतियों ब्रूअरी. मिडी स्टेशनवरून चालत पाव तास, आंडरलेक्ट भागात. वाटेत मोरोक्कन दुकानं लागतात, पुदिन्याच्या जुड्या, मोबाइल दुरुस्तीवाले, आणि मग एका अगदी साध्या गल्लीत एक अगदी साधं दार, बाहेरून एखादं गॅरेज वाटावं असं. १९०० साली पॉल कांतियों आणि त्याची बायको मारी ट्रॉख ह्यांनी सुरू केलेला धंदा, अजूनही त्याच कुटुंबाकडे आहे. १९७८ पासून तेच म्युझियमही आहे, ग्यूझ नावाच्या बिअरचं म्युझियम. पण म्युझियम म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं, काचेची कपाटं आणि हळू आवाजात बोलायची सक्ती, त्यातलं काहीच इथे नाही. तिकीट काढायचं, कुणीतरी उभ्याउभ्या थोडक्यात समजावून सांगतं, हातात एक पुस्तिका देतात आणि मग तुमचं तुम्ही फिरा. फिरताना काम करणाऱ्या माणसांना वाट द्यायची, ओल्या फरशीवरून जपून चालायचं. आम्ही गेलो तेव्हा जुलै होता, चेरी आल्या होत्या, मागे कुठेतरी बाटल्यांचा खणखणाट चालू होता, आणि कुणीही आमच्यासाठी थांबलेलं नव्हतं. हे मला फार आवडलं. प्रेक्षक आले म्हणून तिथे काही चालू होत नाही आणि गेले म्हणून बंदही पडत नाही.

आईला तिथे का नेलं असं नंतर बहिणीने विचारलं. आमच्या घरात कुणी पीत नाही असं नाही, उलट पिण्याने आमच्या घराचं जे झालंय ते झालंय, त्याबद्दल पुढे लिहिते. मला ही जागा बघायची होती खूप दिवसांपासून, आई माझ्याकडे राहायला आली होती, आणि तिला घरी एकटीला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, कारखाना बघायचा असेल तर मी येते, मला कारखाने आवडतात. ते खरंच आहे. लहानपणी तिने आम्हाला कौलांचा कारखाना, काजूचा कारखाना, छापखाना असं सगळं दाखवलंय, आणि प्रत्येक ठिकाणी तिचे प्रश्न आमच्यापेक्षा जास्त असायचे.

दारातच वास आला. ओलं लाकूड, तळघराची गार हवा, कुठूनतरी आंबट झणका आणि त्याच्या मागे शिजलेल्या धान्याचा एक गोडसर दरवळ. आई थबकली. मला वाटलं आता परत फिरणार. ती नाक वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "आंबोळेचा पीठ गो ह्या, आंबान वर इलला."

आणि बरोबर होतं तिचं. नुसत्या वासाच्या बाबतीत नाही, कामाच्या बाबतीतही. आंबोळीच्या पिठात आपण काय घालतो? तांदूळ, उडीद, थोडी मेथी, पाणी. आंबवायला वेगळं काही घालत नाही, विरजण नाही की यीस्ट नाही. रात्री वाटून झाकून ठेवायचं, सकाळी टोप भरून वर आलेलं असतं. जे काय आंबवणारे जीव आहेत ते डाळीबरोबर आलेले असतात, भांड्याला, हाताला, घराला चिकटलेले असतात. कांतियोंमध्ये हेच चालतं, फक्त बिअरच्या बाबतीत. बाकी जगात बिअर करायची म्हणजे धान्याचा गोड काढा करायचा, तो बंद नळ्यांमधून झटपट गार करायचा आणि त्यात मोजून एका जातीचं यीस्ट सोडायचं. हे लोक काहीच सोडत नाहीत. उघड्यावर ठेवतात आणि वाट बघतात. जे येईल ते हवेतून येईल, लाकडातून येईल. त्या बिअरला लाम्बिक म्हणतात, आणि एक, दोन, तीन वर्षं जुन्या लाम्बिक एकत्र मिसळून बाटलीत परत आंबवली की ती ग्यूझ.

खालच्या मजल्यावर मोठं भांडं आहे, आत फिरणारे लोखंडी हात, वर चामड्याचे पट्टे, चाकं. एका घाण्याला साधारण तेराशे किलो धान्य लागतं, त्यातलं पस्तीस टक्के गहू, तोही मोड न आणलेला, बाकीचं मोड आणून वाळवलेलं बार्ली. त्याचा दहा हजार लिटरच्या आसपास काढा निघतो. तो मग वरच्या मजल्यावर तांब्याच्या कायलींमध्ये उकळत ठेवायचा तीन-चार तास, इतका वेळ की त्यातला चतुर्थांश उडून जातो आणि साडेसात हजार लिटर उरतो. उरलेला चोथा शेतकरी गुरांसाठी घेऊन जातात. हे वाचून दाखवल्यावर आईने मान डोलावली, म्हणजे काहीच फुकट जात नाही हे तिला पटलं. मग हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुलं. बाकीचे ब्रूअर ताज्या हॉप्ससाठी जीव टाकतात, त्याचा कडवटपणा, त्याचा सुगंध, त्यावरच तर आजकालच्या सगळ्या क्राफ्ट बिअर चालल्यात. इथे मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने, वाळून सुगंध गेलेले हॉप्स वापरतात. कडवटपणा नकोच आहे, बिअर टिकवायचा त्यांचा जो गुण आहे तेवढाच हवाय. मला ह्या गोष्टीचं राहून राहून आश्चर्य वाटतं की कुणीतरी कधीतरी हे शोधून काढलं असेल, पूर्वी, काहीच मोजता येत नव्हतं तेव्हा, नुसतं चाखून आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवून.

आणि मग लाकडी जिना चढून माळ्यावर.

माळ्यावर एक उथळ, पसरट, लाल तांब्याचं तळं आहे. खरंच दुसरा शब्द नाही त्याला. अख्खा माळा व्यापून टाकणारं, पण खोल जेमतेम फूटभर. वर उतरतं छप्पर, भिंतींना झडपा. थंडीच्या दिवसात उकळता काढा ह्यात ओततात, झडपा उघडतात आणि निघून जातात. वाफ छपरापर्यंत जाते, लाकडावर थिजते, थेंब परत खाली पडतात. रात्रभरात काढा अठरा-वीस डिग्रीवर येतो, आणि त्या रात्रीत बाहेरची हवा आणि आतली तुळई मिळून त्याच्यात काय ते मिसळून जातात. सकाळी तो पिंपांत भरतात. बस. ब्रूअरने जे करायचं ते संपलं. आम्ही गेलो तेव्हा तळं कोरडं होतं, उन्हाळ्यात बंदच असतं ते काम, कारण गरम हवेत नको ते जीवही भरपूर असतात आणि काढा एका रात्रीत गारही होत नाही. कोरड्या तांब्यावर झडपेतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. आईने वाकून आत बघितलं, मला म्हणाली, हे बघ, हे लख्ख आहे. तिने आतापर्यंत बारकाईने बघून घेतलं होतं की फरशी धुतलेली आहे, कायली घासलेल्या आहेत, पिंपं तर उकळत्या पाण्याने आणि आत लोखंडी साखळ्या टाकून गरगरा फिरवून घासतात, त्याचं यंत्रच आहे खाली. म्हणजे ह्या लोकांना स्वच्छता कळत नाही असं मुळीच नाही. ज्याला अन्न लागतं ते सगळं लख्ख, आणि छप्पर, तुळया, भिंती मात्र आहे तशा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच घरात कशा नांदतात हे तिला समजेना, आणि खरं सांगायचं तर मलाही तिथे उभं असताना पूर्ण समजलं नव्हतं.

त्या छपराखाली उभी असताना मला आमचं घर आठवलं, म्हणजे आईचं सासर, माझ्या लहानपणीचं. मंगलोरी कौलं, काळपट वासे, माजघरात दिवसाही अंधार. त्या अंधारात आजी पीठ ठेवायची, एका ठरलेल्या कोनाड्यात, ठरलेल्या टोपात. तो टोप दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. त्या घरावर नंतर स्लॅब पडला. भिंती प्लास्टर झाल्या, टाइल्स बसल्या, ओटा आला. मी प्रत्येक सुट्टीत जाऊन हळहळते, जुने फोटो काढून बघते, आंबोळीची चव बदलली असं म्हणते. आईला हे ऐकून राग येतो. एकदा स्पष्टच म्हणाली होती, पावसात दर दोन हातांवर बालदी ठेवायची कोणी, शेण सारवायचं कोणी, ती कोळिष्टकं काढायची कोणी, तू? ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जुन्या घराचा जिव्हाळा सुट्टीत आलेल्यांना परवडतो, राहणाऱ्याला स्लॅबच हवा असतो, आणि त्यात काहीही चूक नाही. म्हणून त्या माळ्यावर मला नुसतं भारावून जाता येईना. मनात सारखं येत होतं की हे सगळं असंच ठेवायला कुणाचा तरी जन्म गेलाय.

कुणाचा गेलाय ते वर येताना वाचलंच होतं. पॉल कांतियोंचा मुलगा मार्सेल, त्याचा जावई जाँ-पिएर वान रॉय. हा माणूस त्या घराण्यात जन्मलेला नाही, लग्नाने आलेला. त्याने ब्रूअरी हातात घेतली तो काळ असा की लाम्बिकची चव लोकांना नकोशी झाली होती. सगळ्यांना गोड हवं होतं. लाम्बिकवाले धडाधड बंद पडत होते, जे टिकले ते साखर, सॅकरिन घालून टिकले. एकेकाळी शंभरावर ब्रूअऱ्या असलेल्या ब्रसेल्स शहरात ह्या पद्धतीने बिअर करणारी ही एकच उरली. गोड करायचं नाही, आणि आंबट तर कोणी विकत घेत नाही, अशा पेचात त्याने १९७८ मध्ये दार उघडलं आणि सांगितलं, या, बघा, तिकीट काढा. म्हणजे आधी ब्रूअरी मेली आणि मग तिचं म्युझियम झालं असं नाही घडलं. ती मरू नये म्हणून म्युझियम झालं. मला वाटतं हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे एखादी गोष्ट म्युझियममध्ये गेली की ती संपली असं आपण समजतो, माझं तरी तसंच मत होतं. इथे तिकिटाच्या पैशाने पिंपं भरली गेली, ज्यांच्यातली बिअर तीन वर्षांनी विकायची होती आणि तेव्हा ती विकली जाईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आता जाँ-पिएरचा मुलगा जाँ वान रॉय बिअर करतो आणि जगभरातून लोक बाटल्या शोधत येतात. पण सत्तरच्या दशकात हे काही दिसत नव्हतं. तेव्हा नुसता हट्ट होता. मला त्या हट्टाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता यीस्टबद्दल थोडं, कारण त्याशिवाय तो हट्ट कळत नाही. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन ह्या माणसाने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरतं ठेवलं नाही, इतरांनाही दिलं, आणि बघता बघता बिअर करायची रीतच बदलली. बिअर खराब होणं थांबलं, प्रत्येक वेळी तीच चव येऊ लागली. ही केवढी मोठी गोष्ट होती हे कमी लेखायचं कारण नाही, एक अख्खा घाणा ओतून द्यावा लागणं म्हणजे काय हे ज्याचं पोट त्यावर आहे त्यालाच माहीत. पण त्यात एक असंही झालं की एका जातीशिवाय बाकी सगळे जीव शत्रू ठरले. गंमत म्हणजे त्याच प्रयोगशाळेत १९०४ मध्ये क्लॉसेन नावाच्या शास्त्रज्ञाने ब्रेटानोमायसिस हे दुसरं यीस्ट ओळखलं. बहुतेक ब्रूअर आणि वाइनवाले त्याला घाबरून असतात, कारण ते लाकडात शिरलं की निघत नाही. त्याच्याच एका जातीला ब्रसेल्सचं नाव आहे, आणि तेच लाम्बिकचा प्राण आहे. पिंपात पहिले काही आठवडे भलतेच जीव वळवळतात, मग नेहमीचं यीस्ट येऊन साखर खातं, इतकं जोरात की पिंपाच्या तोंडातून फेस बाहेर येतो, मग महिनोन्महिने आंबटपणा आणणारे जिवाणू, आणि सगळ्यात शेवटी हे सावकाश चालणारं ब्रेट, दुसऱ्या कोणी न खाल्लेली साखर खात बसणारं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. कोणी हाकलत नाही, कोणी बोलावत नाही.

पिंपांच्या त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर फ्रेंचमध्ये एक वाक्य रंगवलंय, अर्थ साधारण असा की काळाला सोडून जे केलं जातं त्याचा काळ मान ठेवत नाही. मी ते आईला सांगितलं. ती पिंपांवरचे खडूचे आकडे वाचत होती, कुठलं कधी भरलं ते. म्हणाली, ही तीन वर्षं नुसती पडून आहेत? आणि मध्ये लाकडातून थोडीथोडी उडून जाते ती? मी म्हटलं हो. "मग हेंचा घर कसा चालता?" हा प्रश्न वान रॉय कुटुंबातल्या प्रत्येक पिढीने विचारला असणार.

आणि इथेच मला कोळिष्टकांचं उत्तर मिळालं. खालच्या खोलीत चेरीची खोकी आली होती, क्रीक नावाच्या बिअरसाठी, लिटरला दोनशे ग्रॅमच्या हिशोबाने फळं पिंपात घालून लाम्बिकमध्ये मुरवतात. फळं आली की माश्या येतात, चिलटं येतात, पिंपांच्या तोंडाशी घोंघावतात, आणि तिथे औषध मारायची सोय नाही, कारण इथली बिअर त्याच उघड्या हवेवर होते. मग माश्या खायला कोण? कोळी. म्हणून इथे कोळी मारायचा नाही, त्याचं जाळं मोडायचं नाही. तो मुलगा म्हणाला होता ते इथे कामाला आहेत, ते मला आधी नुसतं बोलणं वाटलं होतं. तो अगदी शब्दशः खरं सांगत होता. मी आईला हे समजावलं. तिने परत वर बघितलं, त्या जाळ्यात खरोखरच बारीक चिलटं अडकलेली होती, आणि "असां" एवढंच म्हणाली. पण तो "असां" पटल्याचा नव्हता, ऐकून घेतल्याचा होता. तिला कारण कळलं होतं, आवडलं नव्हतं. माझी अपेक्षा होती की ती खूश होईल. का व्हावं तिने? तिच्या घरातले कोळी कुणाच्या कामाचे नव्हते, त्यांच्या जाळ्यांनी तिला दर श्रावणात खोकला दिला.

शेवटी चव. फिरून झालं की लाकडी बाकांवर बसून तिकिटातला ग्लास मिळतो. आधी साधी लाम्बिक, फेस नाही, बुडबुडे नाहीत, फिकट सोनेरी आणि स्तब्ध. पहिल्या घोटाला जबडे आवळले. आंबट, पण लिंबाचा सरळ आंबटपणा नाही तो, त्याच्या मागून लाकूड येतं, ओली माती, सालीचा तुरटपणा, आणि गोड म्हणून काहीच नाही, जिभेवर काही राहतच नाही. मग ग्यूझ, तिच्यात बुडबुडे असतात आणि त्यामुळे तीच चव एकदम जागी झाल्यासारखी. मला फार आवडली. लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला. आईने माझा ग्लास घेतला, वास घेतला, खूप वेळ घेतला, आणि परत ठेवला. चाखली नाही.

माझा मामा पिऊन गेला. तिचा धाकटा भाऊ. गावाकडे हे इतकं सर्रास आहे की त्यात सांगण्यासारखं काही नाही असं लोकांना वाटतं, प्रत्येक घरात एक मामा, एक काका. त्याच्या अंगाला शेवटची काही वर्षं एकच वास यायचा, सकाळीसुद्धा, आणि आई त्या वासाला इतकी घाबरते की स्पिरिटची बाटली उघडली तरी खोलीतून उठून जाते. म्हणून ती ग्लास हुंगत बसली तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, त्याचा वास असा नव्हता. एवढंच. मग थोड्या वेळाने, ग्रूपवर फोटो टाकू नको हं इथले. मी टाकले नाहीत. मला त्या बाकावर बसून एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या, की माणसाने बनवलेल्या फार सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे, आणि माझ्या समोर बसलेल्या बाईसाठी ती कधीच सुंदर असणार नाही. ह्या दोन्ही मी तशाच राहू दिल्यात, त्यांची तडजोड करायला जात नाही. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती असं मला वाटतं. पण पेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्यांची कुठे नोंद होत नाही, हेही वाटतं.

आई चवथीच्या आधी परत गेली, जायलाच हवं होतं, घर झाडायचं होतं. स्लॅबच्या घरातही कोळिष्टकं होतातच.

नोव्हेंबरात एकदा फोनवर बोलताना मध्येच तिने विचारलं, "थंडी पडली काय गो त्या बिअरवाल्याकडे?" मी चकितच झाले. मग लक्षात आलं, माळ्यावर मी तिला सांगितलं होतं की सगळा खेळ रात्रीच्या थंडीवर आहे. बाहेर उणे तीन ते अधिक आठ डिग्रीच्या मध्ये असेल तर काढा नीट गार होतो. जाँ वान रॉयच्या आजोबांच्या वेळी ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत काम चालायचं. आता सुरुवात पुढे जाते आणि शेवट अलीकडे येतो. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या गरम होत्या की त्यांना सुरू केलेलं काम थांबवावं लागलं. सगळं सांभाळलं त्यांनी, तांबं, लाकूड, पिंपं, कोळीसुद्धा, पण रात्रीची थंडी सांभाळणं कुणा एका घराच्या हातात नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं होतं आणि मला वाटलं होतं तिचं लक्ष नाही. ती म्हणाली, आमच्याकडे पण पीठ आता लवकर आंबतं, रात्री नऊला ठेवलं तर पहाटे खाली सांडलेलं असतं, मी आता अकराला ठेवते. ती वेळ बदलू शकते. साडेसात हजार लिटरवाल्याला वेळ नाही बदलता येत, ऋतूच बदलावा लागेल. मी फोन चालू असतानाच बघितलं, ब्रसेल्सला त्या रात्री अकरा डिग्री होतं. म्हटलं, नाही गं, अजून नाही.

वर्षातून एकदोनदा ते लोक पहाटेपासून सगळ्यांसाठी दार उघडतात, थंडीच्या दिवसात, जेव्हा खरोखर काढा उकळत असतो आणि संध्याकाळी तो त्या तळ्यात ओततात. मला त्या दिवशी जायचंय. वाफेने भरलेला तो माळा बघायचाय, कोरडा बघून माझं समाधान झालेलं नाही. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर उन्हाळ्यात जाऊ नका, थंडीत जा, आणि शेवटी ग्लास निवडायची वेळ आली तर चेरीवाल्याच्या आधी साधी लाम्बिक मागा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. दुसरा घ्या.